मॅडम, साहेबांना पाठवा

आमच्या गाडीचे वायपर चालू करण्याचा एक विधी आहे. आधी दिवे बंद करायचे. मग दांडी खाली, वर, पुन्हा खाली. मग उजवा इंडिकेटर द्यायचा, उजवीकडे वळायचं नसलं तरी. त्यानंतर डॅशबोर्डवर, घड्याळाच्या जरा डावीकडे, तळहातानं एक थाप मारायची. फार जोरात नाही, कारण जोरात मारली तर कप्पा उघडतो आणि विमा, पीयूसी, आरसी बुक असा सगळा संसार शेजारी बसलेल्याच्या मांडीवर येतो. एवढं केलं की वायपर हलतात. म्हणजे हललेच तर हलतात. यातली कुठली पायरी कामाची आणि कुठली निव्वळ श्रद्धेची, ते मला सांगता येणार नाही. एखादी गाळून बघायची तर ती भर पावसात पिरंगुटच्या घाटात गाळावी लागेल, आणि तिथे समोरून डंपर येत असताना भलेभले आस्तिक होतात.

गाडी मूळची सासऱ्यांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि चावी माझ्या हातात दिली, मुलाच्या नाही. याचा अर्थ घरात प्रत्येकानं आपापल्या परीनं लावला. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओनं तिला तपासून आणखी पाच वर्षं बहाल केली. त्या दिवशी वायपर इतके सुरेख चालले की तपासणाऱ्या साहेबांनी, गरज नसताना, ते पुन्हा एकदा लावून पाहिले.

सगळा घोळ आहे तो इथेच. आमच्या वायपरला माणूस कळतो. आरटीओचे साहेब, गॅरेजचा मिस्त्री, माझा नवरा, यांच्यासमोर त्यानं कधी चूक म्हणून केली नाही. गाडीत मी एकटी असले आणि बाहेर धो धो कोसळत असलं, की त्याला मोकळं वाटतं.

मी राहते कोथरूडला आणि नोकरी पिरंगुटला. पुण्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. कोथरूडहून निघताना आभाळ नुसतं भरलेलं असतं. चांदणी चौक ओलांडला की भुरभुर, भूगावला सरी, भुकूम मागे पडलं की रस्ता दिसेनासा होतो. सह्याद्रीच्या जितकं जवळ जावं तितका पाऊस वाढतो. पुढे ताम्हिणीत एका दिवसात जेवढा पडतो, तेवढा पडायला शिवाजीनगरच्या वेधशाळेत कित्येकदा अख्खा महिना लागतो. म्हणजे बिघाड होणार पश्चिमेला, आणि मिस्त्री सगळे पूर्वेला, कोरड्या रस्त्यावर, खुर्ची टाकून.

बिघाडाचे प्रकारही एकसारखे नाहीत. कधी दांडी ओढली तरी शून्य हालचाल. कधी असा सावकाश फिरतो की त्याचा एक फेरा होईपर्यंत मी अंदाजानं एक बस आणि दोन म्हशी मागे टाकलेल्या असतात. दिवे लावले की तर हमखास मंदावतो. आणि कधी अध्येमध्येच थांबतो. खरं तर वायपरला असं थांबायची परवानगी नसते. मोटरच्या पोटात एक चकती असते. आपण दांडी बंद केली तरी त्या चकतीच्या पट्टीवरून वीज चालू राहते आणि वायपर तळाशी आपल्या जागेवर पोहोचला की मगच तुटते. हातातलं काम पुरं केल्याशिवाय घरी जायचं नाही, ही शिस्त कारखान्यातूनच लावून दिलेली. आमचा वायपर मात्र काचेच्या मधोमध, नेमका माझ्या डोळ्यांसमोर, ध्वजवंदनाला उभा राहिल्यासारखा ताठ थांबतो.

पहिलं निदान पेट्रोल पंपावरच्या वायपर विकणाऱ्या पोरानं केलं. त्यानं काचेवरून बोट फिरवलं, ब्लेड उचलून पाहिलं आणि मान हलवली. "रबर कडक झालंय, मॅडम." ते खोटं नव्हतं. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर दर वर्षी कडक होतं, कडांना भेगा पडतात आणि मग ते पाणी पुसण्याऐवजी काचेवर रेघा ओढत बसतं. मी नवी ब्लेडं घेतली. फरक पडला. आधी वायपर बंद पडायचा तेव्हा काच धुरकट असायची, आता स्वच्छ काचेवर बंद पडू लागला.

घरी बोलले, तर नवरा खाली आला, बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभा राहिला. बॉनेट उघडून आत बघत उभं राहणं हा पुष्कळ पुरुषांच्या मते दुरुस्तीचाच भाग असतो. जाणारा दुसरा पुरुष थांबतो, तोही आत बघतो. मग तिसरा. बराच वेळ कुणी काही बोलत नाही. शेवटी नवऱ्यानं आत बसून दांडी ओढली. वायपर सळसळत सुटले.

"चालतोय की."

"इथे चालतो. पिरंगुटला चालत नाही."

"गाडीला काय कळतंय पिरंगुट आलं ते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तिघा पुरुषांच्या मते ते असायलाही नको होतं.

गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री कुठल्याशा जीपखाली होता. फक्त पाय दिसत होते. पायांनी विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, गाडी मी चालवते, वायपर माझ्यासमोर बंद पडतो, तेव्हा सांगायचं ते मीच सांगेन. पाय जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तसं नाही. साहेबांना पाठवा, म्हणजे नीट समजेल." साहेबांना पाठवलं. ते तासाभरानं परतले. मिस्त्रीशी त्यांचं डिझेलचे भाव, महापालिका आणि जीपचे जुने दिवस यांवर सविस्तर बोलणं झालं होतं, आणि उठता उठता मिस्त्री म्हणाला होता, "मोटर गेली असेल."

त्या रात्री मी चिडून वायपरचा इतिहास वाचून काढला. काच पुसायच्या यंत्राचं पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी घेतलेलं आहे. त्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्राममध्ये बसल्या होत्या. बाहेर बर्फाळ पाऊस, आणि समोरचं दिसावं म्हणून ड्रायव्हरची सारखी धडपड. बाईंनी आत एक दांडा, बाहेर रबराची पट्टी आणि मध्ये स्प्रिंग अशी सोय काढली. आतून दांडा हलवायचा, बाहेर काच पुसली जाते. पेटंट मिळालं. विकत घ्यायला एकही कंपनी पुढे आली नाही. १९०५मध्ये एका कॅनडाच्या कंपनीनं कळवलं की यातून धंदा होईल असं वाटत नाही. त्यांनी पत्राच्या शेवटी "साहेबांना पाठवा" असं लिहिलं होतं की नाही, याची नोंद नाही. १९२०मध्ये पेटंटची मुदत संपली, पुढे गाडीगाडीला वायपर लागले आणि बाईंना त्यातून एक सेंटही मिळाला नाही. १९१७ साली विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं तेही शार्लट ब्रिजवुड या बाईंनीच, आणि त्यांच्याही हाती फारसं काही लागलं नाही.

थांबून थांबून चालणारा वायपर मात्र रॉबर्ट कर्न्स या गृहस्थांचा. माणसाची पापणी जशी मिटते, मग जरा थांबते, मग पुन्हा मिटते, तसा वायपर का नसावा, असा त्यांचा विचार. तो त्यांनी १९६४मध्ये पेटंटला धाडला आणि पुढे मोठमोठ्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९९०मध्ये फोर्डकडून त्यांना एक कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळाली. हे वाचून मी जरा घाबरलेच. आमचाही वायपर थांबून थांबून चालतो, तोही कसलीच परवानगी न घेता.

सकाळी ही माहिती सासऱ्यांना दिली. ते म्हणाले, "आमच्या वेळच्या जीपचे वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी, की वायपर ठप्प. खंबाटकीत पाऊस लागला की पाय उचलायचा, काच पुसून घ्यायची, मग पुन्हा चढायचं." आणि जरा थांबून, "पण तेव्हा वायपर का थांबला ते ज्याला त्याला माहीत असायचं," असं म्हणून पेपर वर धरला.

मोटर आणायला नाना पेठेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांची तिथे इतकी दुकानं आहेत की ठरवलं तर एका गल्लीतून चालत जाऊन दुसऱ्या टोकाला गाडी चालवत बाहेर पडता येईल. काउंटरवरच्या माणसानं गाडीचं साल विचारलं, मॉडेल विचारलं, मग म्हणाला, "मोटर कुठली बसते ते साहेबांना विचारा." मी साहेबांना फोन लावला.

"मोटर कुठली आहे?"

पलीकडे विचार झाला. "गोल आहे."

मी काउंटरवर सांगितलं, साहेब म्हणतात गोल आहे. दुकानदारानं गंभीरपणे मान डोलावली. मीच हे सांगितलं असतं तर तो हसला असता.

"ओरिजिनल पाहिजे, लोकल पाहिजे, का जुनी?"

"ओरिजिनल."

"ओरिजिनल आता येत नाही."

"मग विचारलं कशाला?"

"विचारावं लागतं, मॅडम."

शेवटी जुन्या बाजारात बघा म्हणाला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पितळी समया, बिनखांबाचे पंखे आणि तुटक्या कॅमेऱ्यांच्या मधोमध वायपरच्या मोटरींचा ढीग होता. विक्रेत्यानं एक उचलली, शेजारच्या बॅटरीला दोन वायरी टेकवल्या, मोटर घरघरली. "एकदम फर्स्ट क्लास." दुसरी लावली, तीही घरघरली. जुन्या बाजारात बॅटरीला टेकवल्यावर न घरघरणारी वस्तू मी पाहिलेली नाही. मला वाटतं समईसुद्धा घरघरली असती.

ती मोटर मिस्त्रीनं बसवली आणि जुनी काढता काढता पान्यानं तिच्यावर टक् करून मारलं. ती सुरू झाली. "कार्बन झिजलेत," तो म्हणाला. "मार बसला की चालते." मी विचारलं, मग तशीच ठेवली असती तर? तो म्हणाला, चाललं असतं की, बंद पडली की उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि मारायचं. पावसात भिजू नये म्हणून वायपर, आणि वायपर चालावा म्हणून पावसात उभं राहायचं, ही योजना माझ्या लक्षात येईपर्यंत जुनी मोटर भंगारात गेलेली होती. आठवड्यात नवीही मोटर पिरंगुटला जाऊन तसंच करू लागली.

आता मिस्त्री म्हणाला, हे काम इलेक्ट्रिकलचं. त्यानं शेजारच्या दुकानात पाठवलं. तिथल्या इलेक्ट्रिशियननं फ्यूज काढून उजेडात धरला, रिले बदलून पाहिला, दांडीखालचा कॉम्बिनेशन स्विच उघडून फुंकर मारली आणि म्हणाला, "इलेक्ट्रिकल सगळं ओके आहे. मेकॅनिकल बघा." मेकॅनिकलनं लिंकेजच्या बुशांना ग्रीस लावलं आणि म्हणाला, आता राहिलं ते इलेक्ट्रिकल. दोन दुकानांच्या मधली भिंत एकच होती, आणि ती गाडीच्या मधून जात होती.

याच दिवसांत भूगावच्या टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरनं उपाय सांगितला. मी वायपरवर थापा मारत होते. तो चहा पीत बघत होता.

"ताई, तंबाखू चोळा."

"कुणाला?"

"काचेला. ओली करून बाहेरून चोळायची. मग थेंब धरत नाहीत, पाणी पातळ होऊन सरकतं. नाहीतर बटाटा कापून फिरवा."

बटाटा जवळ नव्हता. टपरीवर तंबाखूची पुडी होती. टपरीवाल्यानं सवयीनं सोबत चुन्याची डबीही दिली. चोळली. वायपरइतकं नाही, पण समोरची बस आहे की घर आहे, एवढं कळू लागलं. तेव्हापासून पुडी पर्समध्ये असायची. आणि जी गोष्ट पर्समध्ये असते ती सासूबाईंना सुटे पैसे शोधताना सापडतेच.

त्या पुडी आणि डबी दोन बोटांत धरून बाहेर आल्या. "हे काय?"

"तंबाखू. गाडीसाठी आहे."

"गाडीला कधीपासून लागली?"

पेपरमागून सासरे म्हणाले, "माझ्याकडे होती तोवर निर्व्यसनी होती."

खुलासा बराच वेळ चालला. सासूबाईंनी शेवटपर्यंत तो पूर्ण मान्य केला नाही. काचेला तंबाखू लागते हे त्यांना पटलं, चुना कशाला लागतो ते मी सांगू शकले नाही.

आमच्या इमारतीत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून एकच होतं: अर्थिंग. सोसायटीचा पंप बंद पडला तर अर्थिंग, कुणाचा टीव्ही गेला तर अर्थिंग. या देशात फक्त दोन गोष्टी नीट नाहीत असं काका मानतात, आणि दुसरीही अर्थिंगमुळेच. मी गाडी लावताना ते कठड्यावरून विचारत, "अर्थिंग बघितलं का?" मी "बघते" म्हणत असे. बघते म्हणजे काय बघते, हे दोघांनीही कधी विचारलं नाही.

मग भाचा आला. इंजिनीअरिंगला आहे. त्यानं मल्टिमीटर आणला, मोटरचं सॉकेट काढून त्यात टोकं खुपसली आणि आकडा दाखवला. "साडेबारा व्होल्ट येतायत, मामी. म्हणजे मोटर चालायला हवी."

"पण चालत नाहीये."

"थिअरीनं चालतेय."

तो लग्नाला आला होता, जेवून गेला.

शेवटी पाऊस असतानाच गाडी गॅरेजात नेली. मिस्त्री बाहेर गेला होता. तिथला हेल्पर, ज्याला सगळे बारक्या म्हणतात, आयटीआय करून संध्याकाळी कामाला येतो. तो टायरवर बसला होता. मी म्हटलं, मिस्त्री आले की सांग. तो म्हणाला, "सांगतो. पण मॅडम, वायपर बंद पडतो तेव्हा तुम्ही काय करत असता?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला जरा भरूनच आलं. मी सगळं सांगितलं. पाऊस जास्त असला की होतं. दिवे लावले की मंदावतो. इंडिकेटर दिला की एकेकदा झटका खातो. हे मी याआधीही प्रत्येकाला सांगितलेलं होतं, पण ते सांगत असताना ऐकणाऱ्याची मान बॉनेटमध्ये असायची.

बारक्यानं काचेखालची जाळी उचलली. तिथे दोन पावसाळ्यांची गुलमोहराची पानं कुजून बसली होती. पाणी जायची भोकं बुजलेली, त्यामुळे मोटर जिथे बॉडीला बसते तो पत्रा ओला राहून पार गंजलेला. त्यानं एक वायरीचा तुकडा घेतला, एक टोक मोटरच्या अंगाला धरलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि म्हणाला, "लावा."

वायपर असे सुटले की मी सीटवर मागे सरकले. दिवे लावले, तेच. इंडिकेटर, तेच.

"करंट जातो," बारक्या म्हणाला, "पण परत यायला वाट नाही. मोटरची वाट बॉडीतून. गंज चढला की अडकतो. दिव्यांची तारही त्याच बोल्टला आहे, मग दोघं भांडतात." मी भाच्याच्या साडेबारा व्होल्टांचं विचारलं. "सॉकेट काढून मोजले असतील. मोटर लावून, चालू असताना मोजायचे. नुसतं मोजलं तर कुठेही बारा दाखवतं."

गंज घासून, बोल्ट आवळून, जाडशी वायर टाकून झाली तेवढ्यात मिस्त्री आला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं, इलेक्ट्रिकल." शेजारचा इलेक्ट्रिशियन भिंतीपलीकडून म्हणाला, "गंज म्हणजे मेकॅनिकलच." मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला म्हणत होतो ना, काहीतरी छोटंच असणार." भाच्यानं अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'थिअरी बरोबरच होती.'

मिस्त्रीनं बिल लिहिलं. वायर, वीस रुपये. त्याखाली: फॉल्ट शोधणे, पाचशे रुपये.

"फॉल्ट तर यानं शोधला," मी म्हटलं.

"बारक्या कुणाचा आहे, मॅडम?"

मी वळून पाहिलं तर बारक्या तिथे नव्हता. त्याला चहा आणायला पिटाळलं होतं. मी पैसे दिले आणि तो परत येईपर्यंत थांबले. त्याला वेगळे शंभर देऊ लागले तर त्यानं आधी मिस्त्रीकडे पाहिलं, मग खिशात घातले, मग मलाही चहा दिला.

घरी आले तेव्हा काका कठड्यावर होते. वायपर चालू ठेवूनच गाडी आत घेतली, पाऊस थांबलेला होता तरी.

"काय निघालं?"

"अर्थिंग."

मला वाटलं काका उड्या मारतील. त्यांनी चष्मा पुसला.

"कुठलं?"

"मोटरचं. बॉडीला जिथे बसते तिथलं."

"छे," काका म्हणाले. "मी बॅटरीचं म्हणत होतो."